गांडुळं शून्य

शेतजमिनीचं मोल ठरवणारा एक साहेब होता. खात्यात त्याला सगळे गाडीसाहेब म्हणायचे, कारण बारा वर्षांत त्याच्या बुटाला मातीचा कण लागला नव्हता.

त्याच्या फॉर्मवर तीन रकाने असत. जमीन पिकवते किती, माणसांच्या कामी येते किती, आणि तिच्यात जीव किती. पिकाचा आकडा कागदावरून मिळायचा. माणसांसाठी दिवसभर बांधावर बसून येणारे-जाणारे मोजायचे. जिवांसाठी हातभर खड्डा खणायचा, गांडुळं मोजायची, पाखरं मोजायची. तिन्ही मिळून चाळीस गुण झाले तर शेत राहायचं. नाहीतर त्यावर गोदाम.

गाडीसाहेब गाडीतच बसायचा. केळं सोलायचा, काचेतून एक नजर टाकायचा आणि लिहायचा: माणसं शून्य, पाखरं शून्य, गांडुळं शून्य. अशी एकशे एकोणचाळीस शेतं झाली.

एकशे चाळिसावं होतं एका म्हातारीचं. ती फावडं घेऊन गाडीपाशीच उभी राहिली.

"काच तरी खाली करा. मी काही कोंबडी नाही टोचायला."

"मावशी, तुमचं शेत मला तोंडपाठ आहे."

"असं? मग त्यालाही तुम्ही तोंडपाठ असाल हो," म्हातारी म्हणाली आणि हसली. दात एकच होता, पण हसू बत्तीस दातांचं.

साहेबानं तीन शून्यं ठोकली, सही केली, फॉर्म ऑफिसच्या ट्रेमध्ये टाकला आणि घर गाठलं.

गॅलरीतला पोपट त्याला बघून रोज शिव्या द्यायचा. आज गप्प. साहेबानं दार उघडलं. बायको आतून आली, त्याच्या खांद्यावरून जिन्यात डोकावली आणि दार लावून घेतलं.

"वाऱ्यानं उघडलं गं," ती लेकीला म्हणाली.

"अगं, मी आहे!"

टेबलावर दोनच ताटं. तो आपल्या खुर्चीत बसला, तर लेकीनं तिच्यावर दप्तर ठेवलं, थेट त्याच्या मांडीवर. आणि दप्तर खुर्चीला टेकलं.

साहेबाच्या अंगाला दरदरून घाम फुटला. पुसायला गेला, तर हात कोरडाच.

सकाळी ऑफिसात त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग. रोज सलाम ठोकणारा शिपाई त्याच्यासमोर बसून निवांत नाक कोरत होता. बाराला मोठे साहेब सह्या करणार. गाडीसाहेबानं ट्रेमधून फॉर्म उचलला. कुणी हटकलं नाही. हटकणार कोण, आणि कोणाला?

शेतात म्हातारी वाटच बघत होती.

"आलात? फावडं तिथं आहे."

"मावशी, तुम्हाला मी दिसतो?"

"मी काही मोजल्याशिवाय लिहीत नाही, बाबा. एकशे एकोणचाळीस शेतांनी तुमचं शून्य मुकाट गिळलं. माझ्या शेताला पचलं नाही. ओकलं तुमच्यावरच."

तो गुडघ्यावर बसला. बारा वर्षांनी गुडघे कुरकुरले. पहिलं गांडूळ निघालं, गार, ओलं, बोटाला वळसा घालणारं. त्यानं लिहिलं: एक. तशी त्याच्या बुटाखालची माती दबली. आल्यापासून ती दबलीच नव्हती. सव्विसाव्या गांडुळाला पाखरांचा आवाज कानावर आला.

मग तो बांधावर बसला. पोरं शाळेला गेली. एक बाई शेळ्यांसाठी गवत कापून गेली. तो लिहीत गेला. बाराव्या माणसानं वळून विचारलं, "काय साहेब, काही हरवलंय का?" साहेब ढसाढसा रडला.

बेरीज झाली एकसष्ट. फॉर्म परत ट्रेमध्ये पडला, शेत वाचलं. तो अर्ध्या तासात घरी. लेकीनं दार उघडलं.

"बाबा!" ती म्हणाली आणि मिठी मारली. त्याच्या शेजारच्या हवेला. वीतभर बाजूला.

पोपटानं शिव्या दिल्या, त्याही त्या हवेलाच.

साहेबाला हिशोब कळला. उरलेली एकशे एकोणचाळीस. दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन निघाला. जिथं माती उघडी होती, तिथं खणलं, मोजलं, आणि केसाएवढा केसाएवढा परत आला. पण अशी शेतं होतीच किती? सात. बाकी सगळी गोदामांच्या फरशीखाली.

लेक आता तिसरं ताट मांडते. अन्न संपतं. ती बोलते ते वीतभर बाजूला बघूनच.

खोटं वाटत असेल तर त्या गोदामांतल्या हमालांना विचारा. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, पोती गप्प पडलेली असतात तेव्हा फरशीखालून फावड्याचा आवाज येतो. थांबतो. मग कुणीतरी मातीला अगदी हळू विनवतं:

"एक तरी सापडू दे गं. एक तरी."