टॉवेलात बांधलेलं भूत

चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात माग बंद आणि तोंडं सुरू होती. सगळे कामगार गॅसच्या खोलीपुढे लोटले होते. आत महिपतीबुवा भुताशी बोलत होते, आणि भूत त्यांना ओरडून उत्तर देत होतं!

भूत म्हणजे भिंतीवरची एक पांढरी डबी. टॉवेल वाळवायच्या मशिनला गॅस लागतो, म्हणून मालकांनी सिलिंडरच्या खोलीत ती नुकतीच बसवली होती, तीही जमिनीपासून वीतभर उंचीवर. ती कशासाठी, हे कामगारांना सांगायचं मात्र राहून गेलं. मग डबी रोज सकाळी गॅस सोडला की किंचाळू लागली. "जमिनीखालचं भूत हाय," असा निकाल चहाच्या टपरीवर लागला. बर्नर पेटवायचं काम बसवेशकडे. त्याची बायको शिवलीला कारखान्यातच टॉवेलच्या कडा शिवायची; तिचा जीव टांगणीला लागला. भुतं उतरवणाऱ्या करकंबच्या या बुवांना बोलावलं ते तिनंच.

बुवांनी डबीसमोर मांडी घातली, तोंड पुढे केलं आणि "हुं फट्!" म्हणाले. डबी कर्कश ओरडली. बाया मागे सरकल्या. खरं तर बुवाही सरकले, पण लगेच सावरले.

"वळखलं बगा मला! डबी नवी असंल, भूत लई जुनं हाय!"

त्यांनी डबीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, वरून कारखान्याचाच टॉवेल गुंडाळला आणि काळा दोरा आवळला. आवाज बंद. जयजयकार झाला. आता बसवेशनं गॅसचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बुवांनी तिथेच कापूर पेटवायचा, एवढंच उरलं होतं.

"थांबा! काडीपेटी इकडे द्या."

कामगारांना तपासायला आलेल्या डॉक्टर विजयमाला गर्दीतून पुढे आल्या.

"बाई, मंत्रात आडवं येऊ नगा. भूत सुटलं तर?"

"सुटू दे की. मला भेटायचंय त्याला."

त्यांनी काडीपेटी काढून घेतली आणि टॉवेल, पिशवी सोडली. डबी गप्प. शिवलीलाला त्यांनी डबीपुढे बसवून जोरात श्वास सोडायला लावला. डबी गप्पच. मग बुवांची पाळी आली. बुवा बसले ते तोंड मिटून.

"मंतर मोठ्यानं म्हना की, बुवा!" मागून कुणीतरी ओरडलं.

मंत्र अर्धाच बाहेर पडला आणि डबी किंचाळली. डॉक्टरांनी इंजेक्शनआधी पुसायचा स्पिरिटचा बोळा जवळ धरला. डबी पुन्हा किंचाळली.

"हे भूत नाही, नाक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गळलेला गॅस याला कळतो, दारूची वाफही कळते. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून नाक खाली. बुवा, सकाळी काय घेतलंत?"

"तीर्थ."

"कुठल्या दुकानातलं?"

हशा पिकला. बुवांचा चेहरा पडला. "खरं सांगतो बाई, मला बी भूतच वाटलं हुतं. आजवर एक बी भूत माज्याशी बोललं न्हवतं."

सगळे हसले, शिवलीला हसली नाही.

"पन डॉक्टरबाई, बुवा यायच्या आदी बी डबी रोज वरडत हुती की. आमचे हे तर पीत न्हाईत!"

हसणं थांबलं. डॉक्टरांनी दारं-खिडक्या सताड उघडायला लावल्या आणि साबणाचं पाणी मागवलं. बसवेशनं व्हॉल्व्ह जरासा उघडून पाइपच्या जोडावर ते पाणी लावलं. जोडावर बुडबुडे फुगू लागले. गॅस तिथून गळत होता. त्यानं घाईनं व्हॉल्व्ह बंद केला.

शिवलीलानं बुडबुड्यांकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या हातातल्या काडीपेटीकडे. तिनं नवऱ्याचा हात गच्च धरला आणि तिला रडू फुटलं.

"ती तुमाला जपायला वरडत हुती, आन मी तिचं तोंड बांदाया मानूस आनला!"

जोड त्याच दिवशी बदलला. डबी आता सकाळी गप्प असते. तो टॉवेल शिवलीलानं मागून घेतला. त्याच टॉवेलानं ती रोज डबीवरची धूळ पुसते. मंडळी, कुठलीही वस्तू ओरडली तर आधी "का?" म्हणून विचारा. दोरा काय, नंतरही बांधता येतो.