हॉलमधली उशी

माझा नवरा मुरलीधर सहा महिन्यांनी झांबियाहून घरी आला, आणि उशी उचलून हॉलमध्ये झोपायला गेला.

शारजातल्या आमच्या दोन खोल्यांत मी त्याची कशी वाट बघितली, ते माझं मला ठाऊक. दुबईला जाऊन मीना बाजारातून गजरा आणला होता, नवी चादर घातली होती. आणि हा म्हणे, "एसी सोसत नाही गं." एवढी वर्षं गल्फमध्ये काढलेल्या इंजिनिअरला एसी सोसत नाही! माझं डोकंच फिरलं.

"आई, व्हाय इज बाबा ऑन द सोफा?" दियानं विचारलं.

"बाबालाच विचार."

शुक्रवारी दुपारी दिया मैत्रिणीकडे गेली, तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "कोण आहे तिकडे?"

"कुणी नाही, कुंदा." ओट्याला टेकून तो बोलायला लागला. कंपनीचा रस्ता जिथून जातो, त्या खेड्यातले पुरुष लांब खाणींवर कामाला असतात. वर्षातून एकदा ब्लँकेट, रेडिओ घेऊन येतात. बायका कोंबडी शिजवतात, नटतात. माणूस धडधाकट दिसतो, मग कोण काय विचारणार? पुढे दोघंही एड्सनं खंगत जातात. "आता आमच्या रस्त्यावर ट्रकवालेही मुक्काम करतात. दवाखान्यात सुया पुरत नाहीत. मागच्या महिन्यात मलेरियानं मी बेशुद्ध होतो. नंतर कळलं, जी सुई बाकीच्यांना, तीच मला टोचली."

मी गॅस बंद केला. "मग टेस्ट?"

"उद्या व्हिसा रिन्युअलची मेडिकल आहेच. पॉझिटिव्ह निघालो तर खलास, इथे ठेवत नाहीत. आपण तिघंही इंडियाला."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. खोटं बोलणारा माणूस सरळ माझ्या शेजारी येऊन झोपला असता.

आठवडा रिपोर्टची वाट बघण्यात गेला. गुरुवारी पासपोर्टवर व्हिसा लागला. मी श्रीखंड केलं, चादर पुन्हा बदलली. मुरलीधर माझ्याकडे बघतच राहिला.

"डॉक्टर म्हणाले, एवढ्या लवकर रक्तात दिसेलच असं नाही. तीन महिन्यांनी परत टेस्ट करायची."

"बाकी उपाय असतात ना रे?"

"असतात. माझाच धीर होत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याचं परतीचं विमान होतं. दुपारी जेवणं झाली, दिया शेजारी खेळायला गेली. त्यानं उशी उचलली. मग मीही माझी उचलली आणि सोफ्याला लागून गालिच्यावर आडवी झाले. कोंबडी शिजवून वाट बघणाऱ्या त्या बायका आठवल्या. त्यांचा राग येईना. मला तो इतका हवा होता, की रडू फुटलं.

"हात धरल्यानं काही होत नाही ना?" मी विचारलं.

"नाही गं."

त्यानं सोफ्यावरून हात खाली सोडला. टॅक्सीवाला खालून हॉर्न देईपर्यंत मी तो धरून ठेवला.