पुसलेली सावली

डॉक्टरीणबाई जेलची बाटली काखेत धरून उभ्या होत्या. कंपनीच्या चाचणीकक्षात सात इंजिनीअर, एक साहेब आणि नवंकोरं सोनोग्राफी यंत्र त्यांच्याकडे पाहत होतं. यंत्राला डोळे नव्हते हे खरं, पण त्या सकाळी तेही टक लावून पाहत होतं, असं तिथले लोक अजून शपथेवर सांगतात.

"आई," सून त्यांच्या कानाशी लागली, "जेल गरम करायची पेटी आहे इथे."

"असू दे. काखेतली ऊब पुरते. गार जेल लागलं की माणूस पोट आवळतो. आवळलेल्या पोटात काय दिसणार, त्याचा राग?"

कुणीतरी हसू गिळलं. सुनेने मान खाली घालून केबल सरळ केली. ती आधीच सरळ होती.

बाईंच्या नावावर बऱ्याच दंतकथा होत्या. एकदा म्हणे त्यांनी बंद दाराबाहेरून नुसत्या कण्हण्यावरून कोणत्या बाजूच्या मूत्रपिंडात खडा आहे ते सांगितलं होतं. "दार पातळ होतं," एवढंच बाई त्यावर म्हणत. सोनोग्राफीत पोटावर फिरवायचा प्रोब चाळीस वर्षं धरून त्यांच्या उजव्या करंगळीला कायमचा बाक आला होता. रोग्याच्या पोटावर आधी ती करंगळी टेकायची, मग प्रोब. घरी मात्र त्याच करंगळीने त्या चुका दाखवत. पडदे भडक झाले. गाडी तिरकी लागली. फोनवरचं बोलणं लांबलं. अकरा वर्षांत सुनेच्या कानांवर 'छान' हा शब्द पडला नव्हता. मुलगा दोघींच्या मधे बसून वर्तमानपत्र वाचायचा, कधी कधी उलटं धरून.

समोरचं यंत्र म्हणजे सुनेची सहा वर्षं. जुन्या यंत्रांचं चित्र दाणेदार, धुक्यात हरवलेल्या रस्त्यासारखं. तिच्या यंत्राचं चित्र नुकत्याच पुसलेल्या काचेसारखं. दाणे गेले, आणि हाडाखाली, खड्याखाली पडणारे ते काळे पट्टेही गेले. पट्टा दिसला की सॉफ्टवेअर आजूबाजूचा रंग घेऊन तो भरून काढायचं. ही खुबी तिची स्वतःची. तिने शंभर डॉक्टरांपुढे दोन-दोन चित्रं ठेवून विचारलं होतं, कोणतं चांगलं दिसतं? शंभरच्या शंभर बोटं तिच्या चित्रावर पडली होती. आज साहेबांची सही झाली की रचना कायम होणार होती आणि यंत्रं दोनशे छोट्या दवाखान्यांत जाणार होती. दुसरं यंत्र नाही आणि दुसरं मत द्यायला दुसरा डॉक्टरही नाही, असे दवाखाने.

दोन दिवसांपूर्वी सकाळच्या चहाला तिने त्यातलंच एक चित्र सासूबाईंच्या कपाशेजारी ठेवलं होतं. बाईंनी ते जवळ धरलं, लांब धरलं.

"देखणं आहे. भिंतीवर लाव. रोगी मात्र याच्याकडे पाठवू नकोस."

वर्तमानपत्र आणखी वर गेलं. सून अर्धा चहा तसाच टाकून निघाली. ऑफिसच्या दारापर्यंत ती गाडीतल्या गाडीत सासूबाईंशी भांडत होती आणि प्रत्येक वाक्याला जिंकत होती. मग तिने फोन लावला.

"येऊन दाखवा मग."

"गाडी पाठव," बाई म्हणाल्या होत्या.

आता चाचणी विभागातला सडपातळ इंजिनीअर शर्ट वर करून पलंगावर आडवा झाला होता. साहेब दाराशी उभे राहून घड्याळ पाहत होते. उजवा खांदा ते मघापासून दुसऱ्यांदा चोळत होते.

"तुम्ही उतरा," बाई इंजिनीअरला म्हणाल्या. "तुमच्या पोटात भुकेशिवाय काही नाही. साहेब, तुम्ही या."

"मी? मॅडम, मला अर्ध्या तासात मीटिंग आहे."

"सकाळपासून काही खाल्लंय?"

"नाही. हल्ली खाल्लं की जड जड वाटतं."

"मग उत्तम. रिकामं पोट आणि मोकळा अर्धा तास. या."

साहेबांना कुणी 'या' म्हटलं की ते येतात, हे कंपनीत त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. त्यांनी बूट काढले. एका मोज्याला भोक होतं. सातही इंजिनीअर एकाच वेळी छताकडे पाहू लागले.

बाईंनी काखेतली बाटली काढली, जेल टाकलं, करंगळी टेकवली आणि बरगडीखाली प्रोब सरकवला. पडद्यावर चित्र उमटलं. खोलीतून 'वा' असा बारीक आवाज निघाला. यकृत सायीसारखं, पित्ताशय काळ्या मण्यासारखं, कडा कोरून काढल्यासारख्या.

"बघा, मॅडम!" साहेब पडल्या पडल्या म्हणाले. "माझं पोट एवढं सुंदर असेल असं मलाही वाटलं नव्हतं. बायकोला दाखवलं पाहिजे."

"श्वास घ्या. धरा. हे काय आहे?" बाईंनी मण्याच्या तळाशी असलेला फिकट ठिपका दाखवला.

"घडी," सडपातळ इंजिनीअर म्हणाला. "पित्ताशयाच्या भिंतीची."

"कशावरून?"

"खाली पट्टा नाही. खडा असता तर..." आणि तो थांबला.

बाकीचे सहाजण पडद्याकडे वाकले.

"यंत्र पोटात आवाज सोडतं, खडा तो अडवतो," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. नातवाला गणित सांगताना असायचा तसा होता. "अडवला की मागे अंधार पडतो. मला खडा दिसत नाही. मला त्याची सावली दिसते. चाळीस वर्षं मी सावल्या वाचते आहे, आणि तुम्ही त्या झाडून टाकल्यात. शंभर डॉक्टरांना काय विचारलंत? चांगलं कोणतं दिसतं. नवरीच्या फोटोसाठी ठीक आहे. आजार कशात दिसतो, हे एकाला तरी विचारलंत?"

साहेबांनी मान उचलली. "म्हणजे मला खडा आहे का नाही?"

"ते या यंत्राला विचारा. तुम्हीच सही करणार ना त्यावर?"

सगळे सुनेकडे वळले. सून पडद्याकडे पाहत होती. ती मनात काय मोजत होती कोण जाणे, पण तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला, सहाव्या पेराशी थांबला. मग ती कीबोर्डपाशी गेली. साहेबांसमोर, सात इंजिनीअरांसमोर, मुख्य म्हणजे सासूबाईंसमोर तिने स्वतःची खुबी बंद केली.

काच मळली. दाणे परत आले. आणि फिकट ठिपक्याखाली, सरळ, काळाभोर, पट्टा उतरला.

"डाव्या कुशीवर वळा, साहेब," सून म्हणाली. साहेब वळले. ठिपका घरंगळत दुसरीकडे गेला आणि त्याची सावली निमूटपणे त्याच्या मागे गेली. घडी काही अशी फिरायला जात नाही.

"खडा," सडपातळ इंजिनीअर पुटपुटला.

"खांदा कधीपासून दुखतोय?" बाईंनी विचारलं.

"दोन महिने. उशीमुळे. तीन उशा बदलल्या." साहेब भिंतीकडे तोंड करून बोलत होते. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही दाराशी उभे होतात तेव्हा. पित्ताशय पोटात बसून खांद्याला चिमटे काढतं. सर्जनला भेटा, याच आठवड्यात."

सात इंजिनीअरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या खड्यासाठी टाळ्या वाजवल्याचं लक्षात आल्यावर त्या थोड्या मंदावल्या, पण थांबल्या नाहीत. बाई प्रोब उचलणार, एवढ्यात सुनेने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा, आई. हलवू नका."

तिने चित्र मोठं केलं. दाणे तसेच ठेवले, पट्टा तसाच ठेवला, फक्त कडा जराशी धारदार केली. अशी धार दुसऱ्या कुठल्याच यंत्राला नव्हती. ती तिने पाचव्या वर्षी लावली होती आणि पट्टे पुसण्याच्या नादात विसरली होती. पित्ताशयाच्या मानेशी, जिथे काहीच नव्हतं, तिथून दोऱ्याइतकी बारीक दुसरी सावली खाली आली होती.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. करंगळी पोटावरून उठली आणि पडद्याकडे गेली. सून सवयीने चूक ऐकायच्या तयारीत उभी राहिली.

"हा दुसरा खडा मला दिसला नव्हता," बाई म्हणाल्या.

सुनेने कीबोर्डवरचा हात काढून घेतला, आणि मग तो कुठे ठेवावा हे तिला सुचेना.

साहेब शर्टाची बटणं एकेक घर चुकवत उठून बसले. त्यांनी खिशातलं पेन काढलं, त्याकडे पाहिलं, परत ठेवलं.

"सावली परत आणायला किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे. आणि आई इथे बसल्या पाहिजेत. रोज."

"चार घ्या," साहेब म्हणाले. "मॅडमना खुर्ची चांगली द्या. आणि ती धार सगळ्या यंत्रांत हवी. पहिलं यंत्र माझ्या सर्जनकडे."

संध्याकाळी दोघी घरी पोचल्या तेव्हा मुलाने वर्तमानपत्राआडून सावधपणे विचारलं, "कसं झालं?"

"गाडी तिरकी लावली हिने," बाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. कप त्यांनी तीन काढले.

दुसऱ्या दिवशी सून त्यांना न्यायला त्यांच्या दवाखान्यात गेली. तपासणीच्या पलंगासमोरच्या भिंतीवर इतकी वर्षं फक्त घड्याळ होतं. आता त्याच्या शेजारी एक चित्र चिकटवलेलं होतं. दाणेदार, धुकट, दोन काळ्या पट्ट्यांचं. वरचं साहेबांचं नाव कात्रीने नीट कापून टाकलेलं होतं. चित्र किंचित तिरकं लागलं होतं, आणि ते कुणीही सरळ केलेलं नव्हतं.