चूक दाखवा, इंजिन घेऊन जा

मी थोरल्याचा विसावा हिस्सा बोलतोय. थोरला म्हणजे पुण्यातल्या घोरपडीच्या रेल्वे शेडमधलं खरं डिझेल इंजिन. तो एकशे तेरा टनांचा. मी पितळेचा, जेमतेम दोन हात लांब, आणि पद्मजाबाईंच्या मते नुसती अडगळ.

माझा जन्म सदाशिव पेठेत, एका जेवणाच्या टेबलावर झाला. तो अकरा वर्षं चालला. माझे जन्मदाते गोपाळकृष्ण आगटे कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, हे शेडजवळच्या पुलावर कॅमेरा घेऊन उभे राहिले. एक्क्याण्णव साली, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, त्यांनी थोरल्याचे काळेपांढरे फोटो काढले आणि त्यावरून मला घडवायला घेतलं. तेव्हापासून त्यांच्या पत्नी पद्मजाबाई पाटावर बसून जेवू लागल्या.

"अहो, याचं बारसं उरकून घ्या एकदाचं. मला टेबल हवंय," त्या म्हणायच्या.

पण आगटेकाकांना घाई चालत नसे. थोरल्याच्या डाव्या अंगाला पोचा होता, म्हणून मलाही हातोडी बसली. दुखलं, पण 'खऱ्याला आहे' म्हटल्यावर बोलायची सोय नव्हती. माझे दोनशे बारा भाग. प्रत्येकाला क्रमांक, वहीत नाव.

अडलं ते एक्केचाळिसाव्या भागाशी. फोटोत थोरल्याच्या तोंडाशी, डबे जोडायच्या आकड्याच्या बाजूला काहीतरी गोल लोंबत होतं. खाली तीन बारीक दांडे. कुठल्याच पुस्तकात ते सापडेना. तीन महिने शोधून काकांनी पितळेची मोहरीएवढी गोळी केली, तिला तीन दांडे डकवले आणि वहीत लिहिलं : दाबनियंत्रक झडप. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, हे त्यांनी कुणाकडे कबूल केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मग एका शाळेच्या सभागृहात हौशी कारागिरांचं प्रदर्शन भरलं. काकांनी माझ्यापुढे भागांची नावं लिहिलेली लांबलचक पाटी ठेवली आणि वर दुसरी टांगली : 'चूक दाखवा, इंजिन घेऊन जा.'

"न्यायला रिक्षाही आपणच करून द्यायची का?" पद्मजाबाईंनी विचारलं.

त्यांना गंमत वाटत होती, इकडे माझा जीव टांगणीला लागला होता. लोक वाकवाकून बघत. एका प्राध्यापकांनी माझे बोल्ट मोजले आणि स्वतःच चुकले. झडपेबद्दल कुणी विचारलंच, तर काका पंधरा मिनिटं तिचं कार्य समजावून सांगत. माणूस कंटाळून पुढच्या टेबलाकडे जाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोणी काळभोरचे सर्जेराव आले. थोरला त्यांनी एकोणीस वर्षं चालवला होता. माझा नंबर वाचला आणि त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या. पोच्यावरून बोट फिरवलं. "ह्यो दौंडचा," म्हणाले. मला फार बरं वाटलं. मग ते माझ्या तोंडाशी वाकले, पाटी वाचली आणि पोट धरून हसायला लागले.

"साहेब, कसली झडप? लिंबू हाय ह्ये! आन् खाली तीन मिरच्या!"

सगळं सभागृह हसलं. काकांचा चेहरा पडला. पण शब्दाचे पक्के. त्यांनी पिशवीतून जुनी चादर काढली आणि मला गुंडाळायला लागले. "घेऊन जा. पाटी माझीच आहे."

चादर ओढता ओढता त्यांचे हात एकदा पोच्यावरून फिरले. अकरा वर्षं त्या हातांना मी मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, आणि आता ते सुटणार म्हणून मला रडू येत होतं. पद्मजाबाईंनी चादरीचं दुसरं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. अडगळ जात होती, तरी सोडत नव्हत्या.

सर्जेरावांचं हसू मावळलं. "कवाचा फोटू?"

"एक्क्याण्णव. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी."

"खंडेनवमीला शेडात पूजा असायची. घरची माणसं यायची. ह्ये आमच्या मंडळीनं बांधल्यालं. हार सुकलं तसं काढलं, पर ह्याला म्या कुणाला हात लावू दिला न्हाय. फुडल्या साली ती गेली. मागनं इंजिनबी भंगारात गेलं."

त्यांनी मला चादरीतून सोडवलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"त्या दिशी लिंबू तिथं हुतंच की, साहेब. मग चूक कुठली? चूक पाटीत हाय, इंजिनात न्हाय."

काकांनी चष्मा पुसला. मग वही उघडून त्यांनी विचारलं, "त्यांचं नाव काय?"

बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं म्हणून सर्जेराव लाजले. "तुळजाबाई," हळूच म्हणाले.

आता मी काचेच्या कपाटात असतो आणि पद्मजाबाई टेबलावर जेवतात. दर खंडेनवमीला सर्जेराव येतात, माझ्या चाकाएवढं लिंबू माझ्यापुढे ठेवतात आणि थोरला कसा भोंगा द्यायचा ते तोंडानं वाजवून दाखवतात. खालच्या मजल्यावरून तक्रार येते. थोरल्याला मी कधी पाहिलं नाही, पण त्याचा आवाज मला पाठ आहे.

कधी आलात, तर काचेला हात लावू नका, काका ओरडतात. नुसतं वाकून एक्केचाळिसाव्या भागाची नवी पाटी तेवढी वाचा :

'लिंबू. तुळजाबाईंनी बांधलेले. चूक नाही.'