काल दुपारी चार वाजता

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याबरोबर एका ऑफिसात काम करू नकोस, असं तिला सगळ्यांनी बजावलं होतं. पण ऐकेल तर शपथ! भावजींनीच तिला नोकरीला लावलं होतं, आणि त्यांच्यावर तिचा डोळे झाकून विश्वास होता.

दोघांनी मिळून बाजारातल्या साध्या कॉम्प्युटरचा राउटर केला, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमधला डेटा पुढे पाठवणारं यंत्र. डोकं मात्र तिचं. काम नसलं की प्रोसेसर डुलकी काढतो आणि तो जागा होईपर्यंत आलेला डेटा ताटकळतो, हे तिने हुडकलं. मग तिने त्याची झोपच बंद करून टाकली. दोनशे मायक्रोसेकंदांचा उशीर चौदावर आला. आज साहेबांसमोर चाचणी होती. आकडा विसाच्या आत आला तर सगळ्या शाखांत तिचं यंत्र. नाहीतर तयार महागडे राउटर येणार आणि तिचा विभाग बंद.

नीट चाललेल्या यंत्राला चाचणीपर्यंत हात लावायचा नाही, हा तिचा दंडक. भावजींना तो तोंडपाठ होता.

पडद्यावर आकडा उमटला. एकशे नव्वद.

"प्रयत्न चांगला होता," साहेब उठत म्हणाले. ते तिच्या जिव्हारी लागलं. भावजी खाली मान घालून वायरी गुंडाळत बसले.

सगळे गेल्यावर तिने सेटिंग उघडली. झोप पुन्हा चालू होती. बदलाची नोंद काल दुपारी चारची. त्यासाठी यंत्रासमोर बसून पासवर्ड घालावा लागतो, आणि तो दोघांनाच ठाऊक.

"का केलंत भावजी?" तिने विचारलं.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "ते महागडे राउटर विकणारे मला त्यांच्याकडे मॅनेजर करतायत. दोन पोरांचा बाप आहे मी. तुझं काय, तुला कुठेही नोकरी मिळेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग तिला आठवलं, काल चारला आपण इथे नव्हतोच. ताईचा फोन आला होता, "बरं वाटत नाहीये गं, लगेच ये." हातातलं टाकून ती धावली. ताई चांगली ठणठणीत होती. सारखी घड्याळाकडे बघत होती, आणि ही निघाली की म्हणायची, "बस गं जराशी."

तिने फोन लावला. "ताई, काल तुला खरंच बरं नव्हतं ना?"



"यांनी सांगितलं का तुला?" ताई म्हणाली.