कार्ड दिलं की वस्तू द्यायची

मुलीचे नाव : वेणू
वय : सात
गाव : वरोर
संवादाचे माध्यम :

इथे मी अकरा महिने 'चित्रकार्ड' असं लिहीत आले. आज पेन टेकवून नुसती बसलेय. हिना मॅडम, हा फॉर्म डहाणूला ऑफिसात तुमच्या टेबलावर येणार आणि तुम्ही म्हणणार, निलम, रकान्याबाहेर लिहू नकोस. म्हणून आधीच सांगते, बाहेर जाणार आहे.

मागील भेटीपासूनची प्रगती :

प्रगती की उलटं काही, ते मला ठरवता आलेलं नाही. घडलं ते सांगते.

वेणू बोलत नाही. पूर्वी पाणी हवं असलं की ती समोरच्याचं मनगट धरून माठापर्यंत ओढत न्यायची. तिची आई जयश्री बोंबील सुकत घालत असली की मनगट मिळायचं नाही. मग वेणू भिंतीवर डोकं आपटायची. तिच्या कपाळाचा फोटो पहिल्या फॉर्मला जोडलाय, तुम्ही पाहिलाय.

मग कार्डं आली. पाण्याचं चित्र उचलून माणसाच्या हातात द्यायचं, की पाणी मिळतं. प्रशिक्षणात तुम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, कार्ड दिलं की वस्तू द्यायची. लगेच. दर वेळी. जी वस्तू देता येणार नाही तिचं कार्ड मुलाच्या हाताला लागू द्यायचं नाही. मी ते वहीत दोनदा उतरवून घेतलं होतं.

नऊ कार्डं वेणू शिकली. पाणी, भात, झोका, लघवी, अशी. नववं आलं आणि भिंत सुटली.

अडथळे :

मी.

(खोडू नका मॅडम.)

वेणूचा बाप नारू बोटीवर खलाशी आहे. बोट गेली की चार रात्री बाहेर, पाचव्या दिवशी भरतीला परत. ते दिवस वेणू झोपत नसे, किनाऱ्यावर फिरत राहायची. जयश्रीनं मला विचारलं, "ताई, बाबा कधी येणार ते हिला सांगता येईल का तुमच्या चित्रात?"

मी म्हटलं, येईल. मला फार आनंद झाला होता, तो इथे नोंदवते.

प्लायवूडच्या पट्टीवर पाच घरं केली. चार घरांत बोटीचं चित्र, पाचव्यात नारूभाऊंचा फोटो. रोज संध्याकाळी एक चित्र ओढून काढायचं आणि शेवेच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. फोटो आधारवरचा, कारण सरळ समोर बघणारा तेवढाच एक. जयश्री म्हणाली, "यात तर पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो." नारूभाऊ म्हणाले, "घरात येतो तेव्हा असाच दिसतो की मी."

तीन खेपा पट्टी चालली. वेणू रात्री झोपायला लागली. तुम्ही शाबासकीचा मेसेज पाठवलात.

चौथ्या खेपेला पाचव्या दिवशी, शुक्रवारी, मी तलासरीला रखमीच्या पाड्यावर होते. तिथे रेंज फक्त बोअरिंगपाशी येते. (तुम्ही म्हणता, तलासरीत मी फोन बंद ठेवते. नाही ठेवत.) रखमीचा मुलगाही माझ्याकडे शिकतो, तो मला दगड मोजून दाखवत होता. पाणी प्यायला बोअरिंगपाशी गेले आणि जयश्रीचा फोन आला.

"ताई, बोट नाय आली."

"काही झालं का?"

"काय व्हायचंय? मासळी लागलीय. बोटीवरून जतीनकाकानं वायरलेसवर सांगितलं, उद्या येतो. इथं सगळे खूश हायत."

"मग?"

"मग काय? हिनं फोटो काढलाय पट्टीवरून. दुपारपासून फोटो धरून किनाऱ्यावर उभी हाय. बोलवू कसं तिला? काय दाखवू? पट्टी संपली ना."

पट्टीवर सहावं घर नव्हतं. मी पाचच केली होती.

काळोख पडल्यावर जयश्रीनं वेणूला उचलून घरी आणलं. वेणूनं डबा उपडा केला, पट्टी फेकली, दारामागे टांगलेली नऊच्या नऊ कार्डं ओढून काढून मोरीत टाकली. शनिवारी नारूभाऊ आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्यांनी हाक मारली, तिची पाठ हलली नाही.

त्यानंतर बारा दिवस एकही कार्ड नाही. मी नवी कार्डं नेली, ती त्यांच्यावरून चालत गेली. पुन्हा मनगट. दोनदा चड्डीत लघवी. पुन्हा भिंत.

पालकांचा प्रतिसाद :

जयश्री मला 'तुम्ही' म्हणते. नवी कार्डं नेली त्या दिवशी 'तू' म्हणाली.

"मी बोलून खोटं सांगते. रोज सांगते, उद्या येतील, परवा येतील. तिच्यापर्यंत ते जातच नव्हतं, मग खोटं कसलं? तू पोचवलंस."

"जयश्री, बोट उशिरा येईल हे मला..."

"तुला काय, मला पण माहीत नव्हतं. समुद्राला माहीत असतं का? पण फोटो लावताना तू विचारलंस मला? आणि मी सांगितलं तुला? दोघी खुळ्या."

मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "अरे निलम, विचार कर ना. तिला वायदा समजला! सात वर्षांत पहिल्यांदा. मोडला म्हणून रागावली, म्हणजे समजला. हे तर किती मोठं!"

मी विचारलं, मग प्रगतीत लिहू?

"लिही. नाही, थांब. कार्डं बंद झाली ना? थांब, मी वर विचारून सांगते."

तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

आजच्या भेटीत काय केले :

काहीच करायचं नाही, असं ठरवून गेले होते. आज दुपारी बोट जाणार होती. पट्टी नाही, फोटो नाही, फक्त वेणूजवळ बसायचं. फोटो मी पिशवीत आतल्या कप्प्यात ठेवला होता.

पिशवी उघडी होती. हे पण अडथळ्यांत धरा.

आम्ही किनाऱ्यावर होतो. नारूभाऊ छोट्या होडीतून बोटीकडे निघाले होते, दहा-बारा वाव, म्हणजे साठ-सत्तर फूट गेले असतील. जयश्री हात न हलवता उभी होती. त्यांच्याकडे निघताना हात हलवत नाहीत. माझ्या तळहातावर काहीतरी आलं. मी बघितलं तर आधारवरचा नारू. वेणूनं माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

बारा दिवसांनी पहिलं कार्ड. आणि ते मला.

मी जयश्रीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? तिनं मागितलंय."

"पण ते निघालेत."

"तुम्हीच शिकवलं ना? लगेच, म्हणून?"

"नाही दिलं तर..."

"नाही दिलं तर परत भिंत. मला काय सांगता?"

दिलं तर काय, ते दोघींनीही विचारलं नाही. मी पाण्यात शिरले. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलात. मी ओरडले, "नारूभाऊ! उतरा! वेणूनं मागितलंय!"

"काय मागितलंय?"

"तुम्हाला!"

बोटीवरचे खलाशी हसले. एकजण म्हणाला, "नारू, घरून ऑर्डर आली रे, जा!" बोट चालवणारे तांडेल जतीनकाका मात्र हसले नाहीत. "ओ मॅडम, ओहोटी लागलीय. तुमच्या शाळेसाठी दर्या थांबायचा नाय."

नारूभाऊंनी एकदा बोटीकडे बघितलं, एकदा इकडे. मग उडी मारली. कमरेएवढ्या पाण्यातून आले, अंगावरून पाणी गळत वेणूसमोर उभे राहिले आणि मला विचारलं, "आता काय करू?"

पाणी असतं तर पेला पुढे केला असता.

"हात द्या," म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. वेणूनं तो हुंगला. मग करंगळी धरली आणि घराच्या दिशेनं चालायला लागली. ते गेले तिच्याबरोबर. मागे बघत बघत गेले.

पुढील नियोजन :

हे मी त्यांच्या ओट्यावर बसून लिहितेय. वेणू दारात बसलीय, शांत. करंगळी तिनं सोडलेली नाही, त्यामुळे नारूभाऊंना ओली लुंगी बदलता येत नाही. जतीनकाकांनी दोन माणसं पाठवली. दुसऱ्याला नारूभाऊ म्हणाले, "अर्धा तास." तो म्हणाला, "अर्ध्या तासात पाणी कुठं असेल, तुला सांगायला पायजे का?" आणि गेला. थोड्या वेळानं इंजिनचा आवाज आला आणि लांब गेला. नारूभाऊ तो संपेपर्यंत ऐकत राहिले. वेणूनं मान वर केली नाही.

एक खेप गेली. पुढच्या खेपेला जतीनकाका नारूभाऊंना बोटीवर घेतील की नाही, ते यांना माहीत नाही.

"ताई," नारूभाऊ म्हणाले, "उद्या परत मागितलं तर?"

"द्यायचं."

"मी घरीच हाय उद्या. त्याच्या पुढच्या खेपेला?"

"नियम तसा आहे," मी म्हटलं. तो चुकीचा आहे की मी तो चुकीच्या माणसाला लावला, याचा विचार करत होते.

"म्हणजे मी कधीच जायचं नाय?"

आतून जयश्रीचा आवाज आला. ती भात वाढत होती.

"पुढच्या खेपेला जतीनकाकालाच जेवायला बोलवा. हिला सांगा, बाबाचा फोटो त्याच्या हातात दे. बघू दे तो काय देतो ते."

नारूभाऊ हसले नाहीत. मीही नाही. ती चेष्टा करत होती की खरंच सांगत होती, मला कळलं नाही. मॅडम, तुम्हाला कळलं तर सांगा. जतीनकाकांचं घर वरोरलाच आहे, बोलावता येईल; पण कार्ड कुणाच्या हातात द्यायचं हे वेणूला दाखवायला त्यांचा फोटो माझ्याकडे नाही.