पन्नासाव्या पानावरची मंजिरी

लीनाताईंनी आज वाचनकट्टा बंद करायचं पक्कं केलं होतं. रागाच्या भरात नाही बरं. बाई थकल्या होत्या. अकरा वर्षं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, वर्ध्यातल्या वाचनालयाच्या माडीवर खुर्च्या मांडायच्या आणि फोन करकरून माणसं गोळा करायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेनं सुरू केलेलं हे काम आता अगदी जिवावर येई.

कट्ट्याचं पुस्तक एकच. महिनाभर ते घरोघर फिरे. ज्यानं वाचलं नाही, त्यानं पुढच्या वेळी सगळ्यांसाठी चिवडा आणायचा, हा नियम लीनाताईंचाच. पण वाचलं की नाही, ओळखायचं कसं? पस्तीस वर्षं वह्या तपासलेल्या बाई त्या! पुस्तक फिरायला सोडताना त्या पन्नासाव्या पानावर गुपचूप तुळशीची वाळकी मंजिरी ठेवत. आणि दर वेळी मंजिरी जिथल्या तिथे! एवढ्या मोठमोठ्या कादंबऱ्या आणि यांना पन्नास पानंही उलटता येऊ नयेत? कुणाचा अपमान नको म्हणून त्या बोलल्या नाहीत. तासभर एकट्याच पुस्तकावर बोलायच्या, बाकीचे तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे.

या खेपेला त्यांनी प्रदर्शनातून हाताला लागलं ते पुस्तक उचललं. एका खेड्यातल्या मुलींच्या खो-खो संघाची खरीखुरी हकीकत होती. शेवटचंच पुस्तक, काय करायचं वाचून, म्हणून एक ओळही वाचली नाही. सवयीनं मंजिरी तेवढी ठेवली. महिनाभरानं, आज, कट्टा बंद होत असल्याची चिठ्ठी लिहून पर्समध्ये टाकली आणि त्या जिना चढल्या.

वर नुसता आरडाओरडा. खुर्च्या एका ओळीत, पण एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. अडुसष्ट वर्षांचे श्रीनिवासराव, कोषागारातले निवृत्त कारकून, त्या खुर्च्यांमधून नागमोडी पळत होते.

"दुखऱ्या पायानं त्या पोरीला शेवटच्या डावात उतरवायलाच नको होतं!" धापा टाकत ते म्हणाले.

"काऊन नाई?" पवनारहून एसटीनं येणारी कांता पदर खोचून उभी होती. "सहा वर्सं पळून राह्यली ते, अन् शेवटी बसून पाह्यचं? मी सोता शाळेत खेळलेली हाय, भाऊजी. तुमाले काय समजते!"

लीनाताई मटकन बसल्या. आनंद व्हायला हवा होता, पण त्या खट्टू झाल्या. अकरा वर्षं जीव तोडून बोलले ते फुकट, आणि रंगले कशात, तर खो-खोत! त्यांनी पुस्तक ओढलं. हळदीचे डाग, दुमडलेले कोपरे. पन्नासाव्या पानावर मंजिरी नव्हती. चला, एक तरी वाचलं.

कांतानं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम, माफ करजा. तुमची खूण हरपली. शेजारच्या बायांइले वाचून दाखवलं, त्या गडबडीत पडली कुठंतरी. नाईतर दरवेळी वाचून झालं का मी तिले बराबर पन्नासाव्या पानावर ठेवतो."

"आम्हीही," श्रीनिवासराव म्हणाले. "तुमच्या देवघरातली असेल, इकडेतिकडे कशी करणार?"

लीनाताईंनी पुस्तक खाली ठेवलं. "म्हणजे... सगळी पुस्तकं वाचलीत तुम्ही?"

"मंग! वाचाले तर घेतो."

"मग कधी बोलला का नाहीत गं?"

"तुमी इतकं सुंदर सांगता. आपण चुकलो तर, असं भेव वाटे." कांता ओशाळून हसली. "हे खो-खोचं मले येते, म्हणून बोलली. आता तुमीच सांगा, त्या पोरीले उतरवाले पाह्यजे होतं का नाई?"

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. खोटं बोलणं अवघड नव्हतं. पण अकरा वर्षं या माणसांना मनातल्या मनात नापास केलं होतं, आणि ते आता सोसवेना.

"मी वाचलंच नाही," त्या म्हणाल्या.

मग कांता म्हणाली, "अरे देवा! मंग पुढच्या वेळी चिवडा तुमच्याकडं. अन् पुस्तकही घेऊन जाजा."

संध्याकाळी घरी लीनाताई पाय वर घेऊन बसल्या. अंग आंबलं होतं. बारा पानं झाली आणि डोळे मिटायला लागले. खुणेला जवळ काही नव्हतं, म्हणून त्यांनी पर्समधली ती चिठ्ठी काढली, घडी करून तेराव्या पानावर ठेवली आणि पुस्तक मिटलं.